मॉरिस मायनर : डिफरन्शियल काढण्यापूर्वी

अख्खा मागचा ॲक्सल गाडीखालून उतरवल्याशिवाय मॉरिस मायनर १००० या जुन्या ब्रिटिश मोटारीचे डिफरन्शियल (इंजिनाची ताकद मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा संच) निघेल का, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. बॅन्जो पद्धतीच्या, म्हणजे मध्यभागी बॅन्जो वाद्यासारख्या गोल असलेल्या, हाउसिंगमुळे डिफरन्शियल पुढच्या बाजूने बाहेर येते. मात्र ऑइल काढून, दोन्ही चाके व ब्रेक ड्रम उतरवून, दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणारे दांडे) स्प्लाइनमधून, म्हणजे टोकाच्या खाचांच्या जोडातून, पूर्ण सुटतील इतके बाहेर ओढल्याखेरीज ते जागचे हलत नाही. शाफ्टची फ्लँज (चाकाकडची चकती) धरणारा छोटा स्क्रू बहुधा गंजून बसलेला असतो, आणि साध्या स्क्रू ड्रायव्हरने झटापट केल्यास त्याची खाच झिजते. म्हणून हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हरच वापरावा. गिअरबॉक्सकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी त्या जोडाच्या दोन्ही फ्लँजवर खूण करावी, म्हणजे तो पुन्हा तसाच जुळवता येतो.

९४८ सीसी गाडीत ४.५५५ ऐवजी नंतरच्या १०९८ सीसी गाडीचे ४.२२ चे डिफरन्शियल बसवावे, असे काही जण सुचवतात (हे आकडे म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रॉपेलर शाफ्टचे फेरे); ते मलाही पटते. ९४८ सीसीच्या इंजिनाला चढावर थोडे जड जाईल, इतकेच. जुना हाफ शाफ्ट बाहेर आला की स्प्लाइनकडे निरखून पाहावे. तिथल्या खाचांच्या रेषा सरळ न राहता पिळलेल्या दिसल्या, तर तो शाफ्ट पुन्हा बसवू नये. पुन्हा जोडताना हाफ शाफ्टच्या फ्लँजखाली नवे गास्केट (गळती रोखणारा पातळ थर) मात्र दोन्ही बाजूंना घालावे, नाहीतर ऑइल ब्रेक शूवर उतरते.