प्रतिसाद: साल ताजी नको, जुनी हवी

वर म्हटलंय की संत्र्याची साल जितकी ताजी तितकी कफावर गुणकारी. चिनी औषधात नेमकं उलटं आहे. तिथे त्या सालीचं नावच 'छन-पी', म्हणजे 'जुनी साल'. ग्वांगदोंग प्रांतातल्या शिन्ह्वे भागातली सर्वांत नावाजलेली. तिथे साल तीन पाकळ्यांत सोलतात, उन्हात वाळवतात आणि किमान 3 वर्षं मुरवतात. मुरताना तिचा उग्रपणा उतरतो असं ते मानतात. चीनच्या सोंग राजवटीपासूनचा (दहावं ते तेरावं शतक) 'अर-छन' काढा म्हणजे 'दोन जुन्यांचा': एक ही साल, दुसरा बानशिया कंद; जोडीला फूलिंग (एक औषधी बुरशी) आणि ज्येष्ठमध. (कच्चा बानशिया विषारी असतो, घरी प्रयोग नकोच.)

आणखी एक, जे इथे कोणी लिहिलं नाही: ही साल ओल्या, पांढऱ्या, भरपूर सुटणाऱ्या कफासाठी देतात, कोरड्या खोकल्याला नाही. सिंगापूरला असताना माझ्या कोरड्या ढासेवर मी ती मागितली, तर औषधवाल्या आजींनी साफ नकार दिला आणि आधी जीभ दाखवायला लावली. ते मला फार पटलं. आपण मात्र खोकला म्हटला की एकच काढा सगळ्यांना पाजतो.