स्प्लिट करणे : तोडणे, फोडणे की अजून काही?

सभासदांची यादी पायथनमध्ये (प्रोग्रामिंगची भाषा) घेतोय, प्रत्येक ओळ स्वल्पविरामावर स्प्लिट करायची, म्हणजे तिचे तुकडे पाडायचे आहेत. ज्या काकांनी यादी टाईप केलीय त्यांना म्हटलं "ओळ तोडायची" तर म्हणे अरे ऊस तोडतात, ओळ कशी तोडणार. तुम्ही काय म्हणता याला?

— फोडणे. शाळेत संधी फोडायचो की, विद्यालय म्हणजे विद्या + आलय. विषय संपला.

— नाही संपला दादा 😄 संधी फोडली की आत मुरलेला आलयचा आ परत मिळतो. स्प्लिटमध्ये उलटं होतं, स्वल्पविराम होता तो गायबच होतो. मी उसवणे म्हणतो. शिवण उसवली की दोरा निघून जातो, कापडाचे तुकडे राहतात, अगदी तेच. आणि तुकडे परत जोडणाऱ्या जॉइनला शिवणे, आपोआप जोडी जमते.

— उसवणे ऐकलं की मला पँटच आठवते, मुद्दाम कोण उसवतं? बाकी दोरा जातो हे पटलं. पण पत्त्यातच स्वल्पविराम असेल तर काय करणार, "मु. पो. वाळवा, ता. वाळवा, जि. सांगली" याचे तीन तुकडे होणार आणि जिल्हा जाऊन बसणार फोन नंबरच्या रकान्यात. पत्ता अवतरणचिन्हात असेल तर स्प्लिट वापरूच नका, पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल (स्वल्पविरामवाल्या याद्या वाचणारं) घ्या, त्याला अवतरणचिन्ह कळतं. अवतरणचिन्ह नसेल पण पत्ता शेवटी असेल तर स्प्लिटला स्वल्पविरामापुढे २ द्या, पहिल्या दोन स्वल्पविरामांवरच उसवेल (घ्या, मीपण म्हणायला लागलो) आणि पत्ता अख्खा राहील.

— नाव-आडनाव वेगळं करताना पण जपून. मध्ये चुकून दोन स्पेस पडल्या असतील आणि तुम्ही स्प्लिटच्या कंसात एक स्पेस दिलीत तर तुकडे तीन, मधला रिकामा. कंस रिकामा ठेवा, मग कितीही स्पेस असूदे, टॅब असूदे, दोनच तुकडे मिळतात.

— तोडणे शब्द टाकून देऊ नका हं, त्याला जागा आहे. रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये (मजकुरात नमुना शोधायची पद्धत) बॅकस्लॅश डब्ल्यू प्लस (म्हणजे सलग अक्षरं-आकडे शोध) लावून "मराठी" शब्द काढायला गेलो तर हातात आलं "मर" आणि "ठ". काना वेलांटी दोन्ही गळाले, कारण हे शोधणारं पायथनचं साधं री मॉड्यूल त्यांना अक्षर समजतच नाही. याला तोडणेच म्हणायचं, हातपाय तोडल्यासारखं. आणि पायथनला "नमस्ते"ची लांबी विचारली तर ६ सांगतो, आपण मोजतो ३, कारण त्याच्या हिशोबात हलन्त वेगळा, मात्रा वेगळी.

— आभार सगळ्यांचे. काकांना उसवणे सांगितलं, हसले, म्हणाले एवढं कशाला, ओळ सुटी कर म्हण की, नोट नाही का सुटी करत. पण पत्ते अवतरणचिन्हात नाहीयेत आणि शेवटीपण नाहीयेत, मधेच आहेत. आता ते हाताने बघतोय.