मदत हवी आहे: कबुतराची अंडी भरलेली (आत गर्भ असलेली) आहेत की कोरी, कसं ओळखायचं?

पारवा

नमस्कार मंडळी. ढाबळीतल्या एका नव्या जोडीने पहिल्यांदाच अंडी दिली आहेत. पहिलं अंडं सोमवारी संध्याकाळी, दुसरं बुधवारी दुपारी. आज शनिवार. मोबाईलच्या टॉर्चवर धरून पाहिली तर दोन्ही आतून नुसती पिवळसर दिसतात. एकात धूसर सावली हलल्यासारखी वाटते, पण शिरा कुठेच नाहीत.

मी फार लवकर पाहिलं का? कोरी निघाली तर लगेच काढून टाकायची का? आणि पाण्यात सोडून तपासतात असं ऐकलंय, ते बरोबर आहे का? नर-मादी दोघंही आळीपाळीने नीट बसतात.

ढाबळकर

हो, लवकर पाहिलंत. शनिवारी काहीच ठरवू नका.

दिवस नेहमी दुसऱ्या अंड्यापासून मोजायचे. पहिलं अंडं पडल्यावर पाखरू त्याच्यावर दाबून बसत नाही, नुसतं आडोशाला धरून उभं राहतं. त्यामुळे त्या अंड्याला खरी ऊब मिळत नाही आणि आतली वाढ थांबलेली असते. साधारण 44 तासांनी दुसरं अंडं आलं की पक्की बैठक सुरू होते. म्हणजे तुमचा आज तिसरा दिवस. चांगल्या उजेडात चौथ्या-पाचव्या दिवशी अंदाज येतो, सहाव्या-सातव्या दिवशी खात्री होते.

तुम्हाला दिसलेली सावली बहुधा बलकाची आहे. तिच्या कडा पुसट असतात आणि अंडं फिरवलं की ती आळसावल्यासारखी मागून सरकते. भरलेल्या अंड्यात पाचव्या दिवशी मोहरीएवढा गडद ठिपका दिसतो आणि त्याच्यातून चहूबाजूंना लाल धागे फुटलेले असतात, जाळ्याच्या मधोमध कोळी बसल्यासारखे. अंडं फिरवलं की ठिपका आणि धागे एकत्रच फिरतात. सातव्या दिवसापर्यंत धाग्यांचं जाळं अर्ध्याहून जास्त अंडं व्यापतं, आणि अंडं स्थिर धरलं तरी ठिपका आपणहून झटका देतो. तो झटका दिसला की शंका उरत नाही. दहाव्या दिवसानंतर आत जवळपास सगळा अंधार, फक्त बोथट टोकाला हवेची पोकळी उजळ दिसते.

आता बघायची पद्धत. जाड पुठ्ठ्याला 2 सेंटीमीटरचं गोल भोक पाडा. कबुतराचं अंडं रुंदीला 3 सेंटीमीटरच्या आसपास असतं, त्यामुळे ते भोकावर टेकतं, खाली पडत नाही. टॉर्च खालून लावा, खोलीत पूर्ण अंधार हवा. अंड्याचं बोथट टोक भोकावर ठेवा आणि अंडं जरा तिरकं करून हळू फिरवा. पाच-दहा सेकंदांत काम होतं. मोबाईलचा दिवा जास्त वेळ चालू राहिला तर तापतो, त्यावर अंडं टेकवून बसू नका.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. टरफलाला बारीक छिद्रं असतात, ओल्या हातावरचे जंतू त्यातून आत जातात. अंडी ओळखायला मऊ पेन्सिलीची पुसट खूण करा, शाईचा मार्कर वापरू नका.

सगळ्यात जास्त अंडी फुटतात ती घरट्यातून काढताना. बसलेल्या पाखराखाली हात घातला की ते पंखाचा फटका मारतं, आपण दचकून हात मागे ओढतो आणि पायाच्या बोटांत अडकलेलं अंडं बाहेर येऊन पडतं. हाताची पाठ पाखराच्या छातीकडे ठेवून हात सपाट सरकवा, आधी पाय किंचित उचलू द्या, मग अंडं तळहातावर घ्या. रात्री मादी बसते, सकाळी उशिरापासून दुपार उतरेपर्यंत नर. पाळी बदलताना पाखरू आपणच उठतं, ती वेळ सगळ्यात सोयीची. एकदा सहाव्या-सातव्या दिवशी आणि गरज वाटली तर दहाव्या दिवशी, एवढं पुरे. रोज उचलू नका.

टॉर्च न वापरताही एक खूण आहे. आठव्या-दहाव्या दिवसापासून भरलेलं अंडं निस्तेज, खडूसारखं आणि जरा शिशासारखं करडं दिसू लागतं. कोरं अंडं मात्र पहिल्या दिवसाची गुलाबीसर, पारदर्शक झाक टिकवून ठेवतं. दोन्ही शेजारी असली की फरक चटकन कळतो.

लक्का_जोडी

कोऱ्या अंड्यांबद्दल थोडं. लगेच काढू नका, हे मी अगदी आग्रहाने सांगतो. अंडी उचलली की मादी आठ-दहा दिवसांत पुन्हा अंडी घालते. असं दोन-तीनदा झालं की तिच्या अंगातलं कॅल्शियम संपतं, मऊ टरफलाची अंडी येतात, कधी अंडं अडकून मादीच जाते. कोरी अंडी तशीच राहू द्या किंवा त्यांच्या जागी लाकडी वा प्लॅस्टिकची अंडी ठेवा. मुदत उलटली की जोडी आपणच उठते. ही त्यांची विश्रांती आहे, ती त्यांना मिळायलाच हवी. शिंपल्याचा चुरा आणि ग्रिट (बारीक खडे) कायम समोर ठेवा.

नव्या जोडीची पहिली अंडी कोरी निघणं अगदी नेहमीचं आहे, तेवढ्यावरून जोडी मोडू नका. दोन-तीन वेळा सलग कोरी आली तरच कारण शोधा. एकाच घरट्यात तीन किंवा चार अंडी आली तर दोन्ही माद्याच आहेत असं समजा. लक्क्यासारख्या दाट पिसांच्या जातीत गुदद्वाराभोवतीची पिसं आडवी येतात, जोडी लावण्याआधी ती कातरीने आखूड करा. डगमगत्या किंवा निसरड्या बैठकीवर नराचा तोल जातो आणि मीलन अर्धवट राहतं. खूप लठ्ठ किंवा म्हातारा नर हेही कारण असतं.

पारवा

खूप आभार. आज मंगळवार, सहावा दिवस. पुठ्ठा करून पाहिलं. पहिल्या अंड्यात ठिपका आणि लाल धागे स्पष्ट आहेत! दुसऱ्यात धागे नाहीत, पण आत एक बारीक लाल कडं दिसतं, अंगठीसारखं. हे काय आहे?

ढाबळकर

पहिल्याबद्दल अभिनंदन. दुसरं अंडं भरलेलं होतं, पण गर्भ सुरुवातीलाच मेला. शिरांमधलं रक्त कडेला जमून ते कडं होतं. अंडं थंड पडणं, हादरा बसणं, जंतुसंसर्ग, आई-बापाचं निकृष्ट खाणं किंवा फार जवळच्या नात्यातली जोडी, यातलं काहीही कारण असू शकतं. एकदाच झालं तर काळजी नको. सारखं होत असेल, किंवा पूर्ण वाढलेली पिल्लं टरफलातच मरत असतील, तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून साल्मोनेला या जिवाणूची तपासणी करून घ्या.

उद्या-परवा पुन्हा एकदा पाहा. कडं तसंच असेल तर ते अंडं काढा, कारण मेलेलं अंडं उबेत कुजतं आणि फुटलं तर घाण शेजारच्या चांगल्या अंड्याला लागते. त्याच्या जागी खोटं अंडं ठेवा. एकटं पिल्लू निघेल तेव्हा त्याला टेकायला ते उपयोगीही पडतं, आईचं पूर्ण वजन त्याच्यावर येत नाही.

लक्का_जोडी

एक जोडतो. दुसऱ्या जोडीखाली चांगलं अंडं सरकवायचा विचार असेल तर दोन्ही जोड्यांच्या तारखांत एक-दोन दिवसांपेक्षा जास्त फरक नको. मुदत संपत येते तसं आई-बापाच्या गळ्यातल्या पिशवीत दूध तयार होतं आणि पहिले काही दिवस पिल्लू त्याच्यावरच जगतं. जोडी चार दिवस मागे असेल तर पिल्लू निघेल पण दूध नसेल.

पारवा

समजलं, हलवत नाही. पाण्याची परीक्षा राहिली. आणि पिल्लू कधी निघेल?

ढाबळकर

दुसऱ्या अंड्यापासून 17-18 दिवस. तुमचं शनिवार-रविवारी धरा, या नव्हे, पुढच्या.

पाण्याची परीक्षा सुरुवातीच्या दिवसांत काहीच सांगत नाही. ती फक्त सोळाव्या-सतराव्या दिवशी, आणि तीही आत अंधार असून हालचाल दिसत नसेल तरच. पाणी 38 अंशांच्या आसपास, मनगटाला कोमट लागेल इतकं. जिवंत अंडं बोथट टोक वर करून तरंगतं आणि मधूनमधून हलतं. अर्ध्या मिनिटाच्या आत बाहेर काढा, न घासता टिपा, लगेच घरट्यात ठेवा. नुसतं तरंगतं म्हणून जिवंत समजू नका, कुजलेलंही तरंगतं. आधी टरफल नीट तपासा. केसाएवढी भेग किंवा चोचेने पाडलेला टवका असेल तर पाण्यात अजिबात सोडायचं नाही, आतलं पिल्लू बुडून मरतं.

टवका पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला एक दिवसही लागतो. तोवर सोलायला जाऊ नका. आतल्या पडद्यातल्या शिरांत अजून रक्त वाहत असतं, आणि बलक पोटात ओढून घ्यायचं कामही तेव्हाच चालू असतं.