मदत हवी आहे : भाचीचं नाव वैदेही ठेवावं का?

नमस्कार मंडळी, रविवारी भाचीचं बारसं आहे. आत्या म्हणून कानात कुर्रर्र करायचा मान माझा आणि नावाचा अजून पत्ता नाही!

मृग नक्षत्र, अक्षर ‘वे’. मला ‘वैदेही’ आवडलंय. विदेह देशाची राजकन्या ती वैदेही, जशी मिथिलेची मैथिली आणि जनकाची जानकी. शिवाय ‘विदेह’ म्हणजे देहभानापलीकडे गेलेला, हाही अर्थ छानच. पण आई अडून बसली आहे, “सीतेचं नाव नको, वनवास मागे लागतो.” आम्ही राहतो पंचवटीत, सीतागुंफा चालत दहा मिनिटांवर. आता काय बोलणार?

वहिनीचं माहेर साताऱ्याकडचं, तिला ‘वेण्णा’ हवंय, तिकडच्या नदीवरून. गोड आहे, पण शाळेत ‘वीणा’च म्हणतील असं वाटतं. दादाचं मत ‘वेदिका’; अर्थ यज्ञाची वेदी किंवा ओटा. ओटा ऐकून वहिनीने तोंड वाकडं केलं.

तुमच्या घरात कुणी वैदेही आहे का? लाडाने काय हाक मारता? हल्ली वर्गात दोन-तीन वैदेही असतात का? आणि आईची समजूत कशी घालू, तेही सांगा. शनिवारपर्यंत कळवा, पाळण्यावर नाव लावायचंय.