मदत हवी आहे: पीएच्या कोर्सला काय लागतं? (तातडीचं)

पडवीतली: नमस्कार. पीए व्हायला काय काय लागतं? किती वर्षं, कुठली परीक्षा? जाणकारांनी पटकन सांगा. एका संस्थेने उद्यापर्यंत पंचवीस हजार भरायला सांगितलेत, नाहीतर जागा जाईल म्हणतात. गूगल करून झालंय, तो सल्ला नको.

वाशिष्ठीकाठ: आमदारांचा की मंत्र्यांचा? माझा चुलतभाऊ तीन वर्षं एका आमदारांकडे होता. कोर्सबिर्स काही नाही. मराठी टायपिंग यावं, दोन फोन असावेत आणि गणपतीत घरी जायची आशा सोडावी.

पडवीतली: अहो, फिजिशियन असिस्टंट!! डॉक्टरांच्या हाताखाली असतात ते.

तिरफळ: मगे तसा आधी सांगूचा मां. बारावीक बायलॉजी होता काय? आणि शिकूचा खंय, हयसर काय भायर?

घाटावरचा_डॉक: आपल्याकडे हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी हवं. १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी सुरुवात केली, हृदयशस्त्रक्रियेला हाताशी तयार माणसं हवीत म्हणून. बायपासच्या वेळी पायातली शीर काढून द्यायचं काम आमच्याकडे पीए लोकच करायचे, आणि हात असा की बघत राहावं. पण काम कायम डॉक्टरच्या देखरेखीखाली, स्वतःचा दवाखाना थाटता येत नाही. २०२१च्या केंद्राच्या कायद्यात 'फिजिशियन असोसिएट' म्हणून हा पेशा आला आहे. तुमच्या संस्थेचा कोर्स किती वर्षांचा?

पडवीतली: एक वर्ष. ऑनलाइन. शेवटी महिनाभर हॉस्पिटलात.

घाटावरचा_डॉक: पैसे भरू नका.

हापूसवाली_मावशी: बाळा, सरळ नर्सिंगचं जीएनएम कर. माझ्या सुनेने केलं, आज तिला घरबसल्या फोन येतात. ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज झालं, रत्नागिरीलाही झालं, आता नर्सला मुंबई गाठायची गरज नाही.

घाटावरचा_डॉक: मावशी, तिने नर्सिंग विचारलेलंच नाही. दोन वेगळी कामं आहेत.

हापूसवाली_मावशी: वेगळी असतील, पण रात्री दोनला सलाइन कोण लावतं ते पेशंटला विचारा.

बंदरावर: आमच्या गावच्या दवाखान्यातला कंपाउंडर बारावी नापास. इंजेक्शन देतो, टाके घालतो, गावाला त्याच्याच हाताचा गुण. चार वर्षं कशाला?

घाटावरचा_डॉक: एखाद्या दिवशी रिअ‍ॅक्शन आली की गुण कळेल. इथे शिकणारी पोरं वाचतात, असलं लिहू नका.

तिरफळ: भांडा नको. पडवीतली, तू शिकूचा खंय ता सांगलंसच नाय.

पडवीतली: सांगते. झूऑलॉजीत बीएस्सी आहे. दिवाळीनंतर लग्न, नवरा न्यू जर्सीत असतो. हा डिप्लोमा तिकडे चालतो असं संस्थेवाले म्हणाले.

हडसनचा_वारा: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंस गं! मी इथे गेली बारा वर्षं हॉस्पिटलात आहे. तो डिप्लोमा इथे कागदाच्या किमतीचा. भारतातली चार वर्षांची पीएची पदवी असली तरी थेट काम मिळत नाही. इथल्या एआरसी-पीए या संस्थेची मान्यता असलेला मास्टर्स करावाच लागतो, साधारण सत्तावीस महिने. त्यात दोन हजारांच्या वर तास वेगवेगळ्या विभागांत पेशंटसोबत. मग 'पॅन्स' परीक्षा, ३०० प्रश्न. पास झालीस की राज्याचं लायसन्स. त्यानंतरही दर दोन वर्षांनी १०० तासांचं शिक्षण दाखवत राहायचं.

प्रवेशाचीच गोष्ट अवघड आहे. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स लागतं. आपली तीन वर्षांची बीएस्सी काही कॉलेजं पूर्ण पदवी धरतच नाहीत. बरीच कॉलेजं पेशंटसोबत प्रत्यक्ष काम केल्याचे तासही मागतात. आता सांग, व्हिसा एच-४ ना, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर बायकोला मिळतो तो? त्यावर शिकता येतं, नोकरी सरसकट नाही. मग ते तास कुठून आणणार, हे नवऱ्याशी लग्नाआधी बोल.

बंदरावर: न्यू जर्सीत हापूसची पेटी कितीला पडते हो?

हडसनचा_वारा: विचारू नका. गेल्या वर्षी बारा आंब्यांतले तीन डागी निघाले.

हापूसवाली_मावशी: देवगडचा नसणार.

वाशिष्ठीकाठ: मला अजून वाटतं आमदारांकडे बरं. व्हिसा लागत नाही.

तिरफळ: पडवीतली, खंय गेलंस? पैशे भरू नको हां.

पडवीतली: बाबांनी काल संध्याकाळीच जीपे केलेत. मला आत्ता सांगतायत.

घाटावरचा_डॉक: पावती मिळाली का? कुणाच्या नावावर गेले पैसे, संस्थेच्या की एखाद्या माणसाच्या?

पडवीतली: थांबा, बाबांचा फोन आणते.