चेहरा ओळखीचा असला की अंदाजाला आधार मिळतो

जुन्या मालिकेतील नटाला नव्या मालिकेत घेतले जाते ते केवळ आदरापोटी, त्यावरून कथेचे अंदाज बांधू नयेत, हे काहींचे मत मला अपुरे वाटते. ‘द फ्लॅश’ या अतिवेगवान सुपरहिरोवरच्या अमेरिकी मालिकेचेच पाहा. १९९० च्या मालिकेत फ्लॅश म्हणजेच बॅरी ॲलन साकारणारे जॉन वेस्ली शिप २०१४ च्या मालिकेत बॅरीचे वडील हेन्री झाले, तेव्हा अनेकांनी ती मानवंदना समजून विषय संपवला. परंतु दुसऱ्या पर्वात झूम या खलनायकाच्या कोठडीतील लोखंडी मुखवट्याचा कैदी कोण, या प्रश्नाचे उत्तर त्याच चेहऱ्यात दडलेले होते. आपल्या आईचे माहेरचे आडनाव गॅरिक असल्याचे हेन्री जाता जाता सांगतो आणि पर्वाच्या अखेरीस मुखवट्याआडून शिप यांच्याच चेहऱ्याचा खरा जे गॅरिक, म्हणजे दुसऱ्या पृथ्वीवरचा फ्लॅश, समोर येतो. इतका प्रामाणिक दुवा प्रेक्षकांच्या हाती देणे हे लेखकांचे मोठे कौशल्य आहे, असे मी मनापासून मानतो.

आवाजावरून केलेले तर्क मात्र फसतात. झूमला आवाज टोनी टॉड यांचा होता, आणि मुखवट्याखाली निघाला तो टेडी सीअर्स यांनी रंगवलेला, स्वतःला जे गॅरिक म्हणवणारा तोतया. म्हणून नव्या पर्वासाठी एखाद्या नटाचे नाव जाहीर झाले, की त्याच्या भूमिकेच्या जाहीर नावापेक्षा, त्या पात्राविषयी कथेत नेमके काय दाखवले जात नाही, याकडे मी आधी लक्ष देतो.