जिमी स्मिथची एलपी पांढरी चारऐवजी पांढरी दोनच्याही खाली वाजतेय, स्ट्रोब मात्र स्थिर (नाशिक)

गोदाकाठ_३३

मंडळी, जॅझ ऑर्गनवादक जिमी स्मिथची 'बॅक अ‍ॅट द चिकन शॅक' ही एलपी घेतली आहे, नवीन रीइश्यू, स्टिरिओ. दोन अडचणी आहेत.

पहिली: सूर उतरलेला येतो. शीर्षकाचा ट्रॅक एफ मधला ब्लूज आहे, म्हणजे पांढरी चार. हार्मोनियम घेऊन बसलं की तो पांढरी दोनजवळ सापडतो आणि तिथेही नीट जुळत नाही, किंचित खालीच राहतो. ट्रॅक साधारण आठ मिनिटांचा, माझ्याकडे साडेनऊ मिनिटं उलटून जातात.

दुसरी: खालचा आवाज गढूळ येतो आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटाकडे सुई उडते.

टर्नटेबल अमेरिकेतून आलेला, जुना, बेल्टवर चालणारा, ११० व्होल्टचा. २३० वरून ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला आहे. बेल्ट नवा टाकला, बेअरिंगला तेल दिलं. प्लॅटरच्या (फिरत्या तबकडीच्या) कडेला स्ट्रोबच्या, म्हणजे स्पीड तपासायच्या, रेषा आहेत, त्या शेजारच्या निऑन दिव्यात अगदी स्थिर दिसतात. म्हणजे स्पीड बरोबर असणार ना? मग रेकॉर्डच चुकीची कापली गेली असेल का? घरातल्या बाकीच्या रेकॉर्ड नाट्यसंगीताच्या. त्यांत गायकाचा आवाज थोडा जाड वाटतो, पण मूळ पट्टी माहीत नसल्यामुळे खात्रीने सांगता येत नाही.

फिरकी

रेकॉर्ड बरोबर आहे. चूक विजेच्या फ्रिक्वेन्सीत आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सीला हात लावत नाही. तुमच्या टर्नटेबलची मोटर सिंक्रोनस आहे, म्हणजे ती व्होल्टेजवर नाही तर विजेच्या हर्ट्‌झवर फिरते. अमेरिकेत ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. त्यामुळे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी प्लॅटर २७.८ ने फिरतोय. सूर तीन अर्धस्वर आणि वर थोडासा, एवढा उतरतो. एफ वरून तीन उतरलात की डी, म्हणजे पांढरी दोन, आणि तो 'थोडासा' म्हणजे तुम्हाला न जुळणारा भाग. आठ मिनिटांचे १.२ पट केले की नऊ मिनिटं छत्तीस सेकंद. तुमचे दोन्ही आकडे एकाच कारणाकडे बोट दाखवतात.

स्ट्रोबने तुम्हाला फसवलं, आणि यात भले भले फसतात. ६० हर्ट्‌झच्या स्ट्रोबवर ३३⅓ साठी २१६ रेषा असतात, ५० हर्ट्‌झच्या स्ट्रोबवर १८०. तुमच्या कडेवर २१६ आहेत. तो निऑन दिवाही आपल्याच विजेवर, सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. मोटर आणि दिवा दोघेही त्याच प्रमाणात मंद झाल्यामुळे २७.८ ला २१६ रेषा अगदी स्थिर दिसतात. ज्याची चूक पकडायची त्याच्याच घड्याळाने ती मोजली जातेय.

खरी तपासणी अशी. प्लॅटरच्या कडेला कागदाचा छोटा तुकडा चिकटवा, रेकॉर्ड लावून सुई खाली ठेवा, मोबाइलवर तीन मिनिटं लावा आणि फेऱ्या मोजा. बरोबर स्पीडला १०० फेऱ्या होतात. तुमच्या ८३ होतील.

आणखी एक गोष्ट, जी ऑर्गनच्या बाबतीतच लागू पडते. गायक कुठल्याही पट्टीत गातो, पियानो उतरलेला असू शकतो, म्हणून त्यांच्या रेकॉर्डवरून स्पीड ठरवता येत नाही. या रेकॉर्डवरचा, विजेवर चालणारा हॅमंड ऑर्गन मात्र सुरात लावताच येत नाही. त्याच्या आत सिंक्रोनस मोटर आहे, ६० हर्ट्‌झवर मिनिटाला १२०० फेरे, आणि स्वर काढणारी दातेरी चाकं गिअरने तिला जोडलेली. मधल्या 'ए' चं चाक १६ दात्यांचं, गिअर ८८ ला ६४, म्हणजे सेकंदाला २० गुणिले ८८ भागिले ६४ गुणिले १६, बरोबर ४४० हर्ट्‌झ. तुमच्या एफ चा हिशेब याच रीतीने ३४९.१ येतो. ही रेकॉर्ड मुद्रित झाली त्या न्यू जर्सीत १९६० साली वीज ६० हर्ट्‌झवर होती, म्हणून रेकॉर्डमधला एफ ३४९ च्या आसपासच असणार. टर्नटेबल तपासायला याहून चांगला सूर घरात मिळणार नाही. ट्यूनर अ‍ॅप ४४० वर ठेवा आणि ऑर्गनची लांब धरलेली नोट पकडा. एक टक्का स्पीड चुकला तर सुमारे १७ सेंट (एका अर्धस्वराचे शंभर सेंट) फरक दिसतो.

जाता जाता: अमेरिकन हॅमंड इथे आणून नुसत्या ट्रान्सफॉर्मरवर लावला तर तोही नेमका एवढाच उतरेल, कारण तेच.

गोदाकाठ_३३

मोजलं. दोनदा मोजलं, ८३ आणि पुढच्या फेरीचा थोडा भाग. आता उपाय काय? मोटर बदलावी लागेल का?

अंबड_लेथ

मोटर नाही, तिच्या शाफ्टवरची बेल्ट ओढणारी पुली बदला. मोटर पाच षष्ठांश वेगाने फिरतेय, तर पुली १.२ पट मोठी हवी. काही कंपन्यांच्या जुन्या मॉडेलना ५० हर्ट्‌झची पुली वेगळी मिळायची, ती सापडली तर उत्तमच. नाहीतर सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत छोट्या कामाचा कुठलाही टर्नर ती पितळेत काढून देईल. त्याच्याकडे जाताना पुढच्या गोष्टी कागदावर लिहून न्या.

व्यास मोजताना बेल्टची जाडी विसरू नका, बहुतेकांची चूक इथेच होते. बेल्ट स्वतःच्या जाडीच्या मध्यावर ओढतो, म्हणून खरा व्यास म्हणजे पुली अधिक बेल्टची जाडी. समजा जुनी पुली १० मिमी आणि बेल्ट ०.६ मिमी. १०.६ चे १.२ पट १२.७२, त्यातून ०.६ वजा केले की १२.१२ मिमी. सरळ १० चे १२ केलेत तर प्लॅटर जवळजवळ एक टक्का मंद राहतो, म्हणजे १६ सेंट उतरलेला. हार्मोनियमशी जुळवून ऐकणाऱ्याला तो लगेच खुपेल. पुलीवर ४५ च्या स्पीडची वेगळी पायरी असेल तर तिलाही हाच हिशेब.

पुली सपाट नसते. नीट पाहिलंत तर मध्यभागी ती पिंपासारखी किंचित फुगीर असते, त्यामुळेच बेल्ट मधोमध राहतो. हा फुगवटा ०.१ ते ०.२ मिमी ठेवायला सांगा, आणि वरचा १२.१२ चा आकडा फुगवटयाच्या सर्वांत उंच जागेचा धरा. सपाट काढली तर बेल्ट वर चढून निसटतो.

आतलं भोक आणि बाहेरचा व्यास एकाच सेटिंगमध्ये काढायला सांगा, चकमधून (लेथच्या पकडीतून) जॉब न सोडता. आधी भोक पाडून, जॉब उलटा पकडून बाहेरचा व्यास घेतला की दोन्हींचे मध्य जुळत नाहीत. मग पुली डगमगते आणि ऑर्गनच्या लांब नोटवर बारीक थरथर ऐकू येते. ती मूळची व्हायब्रेटो आहे असंच वाटतं, म्हणून दोष सापडत नाही. रनआउट (फिरताना होणारी डगमग) ०.०२ मिमीच्या आत हवा. भोक शाफ्टच्या मापाने रीम करून घ्या. शाफ्ट मायक्रोमीटरने मोजा, पट्टीने नाही.

जुनी पुली काढण्याआधी प्लग उपसा. ग्रब स्क्रू (बाजूने आवळायचा छोटा स्क्रू) असेल तर सैल केला की निघते. दाबून बसवलेली असेल तर छोट्या पुलरनेच काढा. पक्कड लावून हिसका दिलात तर शाफ्ट वाकतो, आणि मग मात्र खरंच मोटर बदलावी लागते.

आता ट्रान्सफॉर्मरबद्दल. १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झसाठी गुंडाळलेल्या मोटरला ५० हर्ट्‌झवर तेवढंच व्होल्टेज दिलं तर ती जास्त करंट घेते, तापते आणि घुरघुरते. तिला पाच षष्ठांश, म्हणजे १०० व्होल्ट पुरतात. १०० व्होल्टचं टॅपिंग असलेला ट्रान्सफॉर्मर मिळाला तर घ्या. तुमच्या खर्जातल्या गढूळपणाचा काही भाग या घुरघुरीतूनच येत असणार.

फिरकी

बेल्टच्या जाडीचा मुद्दा महत्त्वाचा, मी तो सांगायला हवा होता. त्यात एकच भर घालतो: पुली १२.१२ ऐवजी १२.२० काढून घ्या. जास्तीची पुली कमी करता येते, कमी झालेली वाढवता येत नाही. बसवून ट्यूनर लावा. या मापाला एक सेंट म्हणजे व्यासात साधारण ०.००७ मिमी. एफ दहा सेंट चढा दिसला तर ०.०७ मिमी कमी करायचं. एवढं काम बारीक पॉलिश पेपरने लेथवरच होतं.

पुली येईपर्यंत ऐकायचं असेल तर रेकॉर्डिंग करून संगणकात स्पीड २० टक्के वाढवा. सूर आणि लय दोन्ही ठिकाणावर येतील. मात्र फोनो प्रीअँपची आरआयएए दुरुस्ती (रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज परत वर आणणारी) चुकीच्या स्पीडला झालेली असल्यामुळे आवाजाचा रंग पूर्ण बरोबर येणार नाही. तात्पुरतं म्हणून ठीक.

पाणसळ

सुई उडण्याचं. रेकॉर्डच्या आतल्या भागात एका फेरीत बसणारी लांबी कमी असते, म्हणून तिथे सुईला वळणं जास्त तीव्र मिळतात. वजन हलकं असेल तर ती तिथेच हार मानते.

आधी टर्नटेबल समपातळीत आणा. पाणसळ प्लॅटरवर ठेवा, खालच्या टेबलावर नाही. मग सुईचं वजन. सुई धरणाऱ्या हाताच्या मागच्या आकड्यांवर विसंबू नका, ०.०१ ग्रॅमचा खिशातला काटा घ्या. सराफ बाजारात दागिन्यांसाठी वापरतात तसा, फक्त तबकडी लोखंडाची नको, नाहीतर काडतुसातलं (सुई बसवलेल्या कार्ट्रिजमधलं) चुंबक तिला ओढतं आणि आकडा खोटा येतो. सुई रेकॉर्डच्या उंचीवर असतानाच वजन करा. काडतुसासोबत जी मर्यादा दिली असेल, समजा १.५ ते २.५ ग्रॅम, तिच्या मध्याच्या किंचित वर ठेवा. हलकं वजन रेकॉर्डसाठी चांगलं हा गैरसमज आहे. उडणारी सुई खाचेच्या भिंती टोचते, नीट बसलेली सुई तेवढं नुकसान करत नाही. अँटिस्केट (हाताची आत जाणारी ओढ रोखणारी जुळवणी) वजनाएवढाच.

स्पीकर त्याच टेबलावर असतील तर आजच खाली उतरवा. ऑर्गनचा खर्ज लाकडातून प्लॅटरवर आणि तिथून परत सुईत येतो. गढूळपणा त्याने निम्मा जाईल.

डावा_हात

तांत्रिक बाजू झाली. स्पीड ठीक झाल्यावर नेमकं काय ऐकायचं ते लिहितो, कारण या रेकॉर्डमधला खर्ज लोक चुकीच्या जागी शोधतात.

या बँडमध्ये बेस वाजवणारा नाही. २५ एप्रिल १९६० ला रूडी व्हॅन गेल्डरच्या एंगलवूड क्लिफ्सच्या स्टुडिओत जिमी स्मिथ ऑर्गनवर, स्टॅनली टरंटाइन टेनर सॅक्सोफोनवर, केनी बरेल गिटारवर आणि डॉनल्ड बेली ड्रमवर. त्याच दिवसाच्या ध्वनिमुद्रणातून 'मिडनाइट स्पेशल' ही दुसरी एलपीही निघाली, म्हणून ती घ्या, दोन्ही मिळून एक बैठक आहे. चालता बेस स्मिथचा डावा हात खालच्या कीबोर्डवर वाजवतो. पाय पेडलला फक्त टपली मारतो, त्यामुळे डाव्या हाताच्या नोटला सुरुवातीला ठोसा मिळतो. तबल्याच्या डग्ग्यावर थाप आणि तिची आस जशा वेगळ्या ऐकू येतात, तसंच: आधी पायाचा 'ठप्', मग हाताचा स्वर. स्पीकर टेबलावरून उतरवल्यावर हे दोन्ही वेगळे ऐकू आले पाहिजेत. एकजीव गुरगुर येत असेल तर सेटअपमध्ये अजून दोष आहे.

उजव्या हाताचा आवाज कीबोर्डवर काढून पाहायचा असेल तर ड्रॉबार (आवाजाचे थर कमीजास्त करणारे नऊ दांडे) ८८८०००००० असे ओढा, म्हणजे पहिले तीन पूर्ण बाहेर, बाकी आत. पर्कशन (स्वराच्या सुरुवातीला येणारं 'टक्' असं टोक) चालू: थर्ड, फास्ट, सॉफ्ट. व्हायब्रेटो सी-३. हॅमंडवर पर्कशन चालू केलं की नववा ड्रॉबार गप्प होतो, तो बिघाड नाही.

हार्मोनियम वाजवणाऱ्याचा हात इथे आडवा येतो. हार्मोनियमवर आपण एक स्वर सोडायच्या आधी दुसरा धरतो, सूर तुटू नये म्हणून. हॅमंडचं पर्कशन मात्र सगळ्या पट्ट्या सुटल्यानंतरच्या पहिल्याच स्वराला वाजतं. एक बोट जरी दाबलेलं राहिलं तरी पुढचे सगळे स्वर टोकाविना येतात. स्मिथच्या जलद तानेत प्रत्येक स्वराला जो 'टक्' आहे, तो बोट पूर्ण उचलण्यातून येतो. आणि जिथे तो जाणूनबुजून स्वर एकमेकांत मिसळतो तिथे टोक नाहीसं होतं. हा फरक शीर्षकाच्या ट्रॅकवर, ऑर्गनच्या आवर्तनांत ऐकू येतो. आवर्तन म्हणजे इथे बारा मात्रांचं नव्हे, बारा बारचं, प्रत्येक बारात चार मात्रा, एकूण अठ्ठेचाळीस. सम पकडायची सवय असलेल्याला दोन-तीन फेऱ्यांत जम बसतो.

यानंतर स्मिथचीच 'द सर्मन' ही एलपी ऐका. शीर्षकाचा ट्रॅक २५ फेब्रुवारी १९५८ चा, वीस मिनिटांचा, पूर्ण एक बाजू. ली मॉर्गन, लू डॉनल्डसन, टीना ब्रूक्स, केनी बरेल आणि ड्रमवर आर्ट ब्लेकी. हाही एफ मधला ब्लूज, म्हणजे नवी पुली तपासायलाही चालेल.

गोदाकाठ_३३

सर्वांचे आभार. स्पीकर उतरवले, पाणसळ लावली, प्लॅटर एका बाजूला कललेला होता. सुईचं वजन १.१ ग्रॅम निघालं, काडतुसाची मर्यादा १.५ ते २.५. आता २.१ वर आणलं आणि दुसरी बाजू शेवटपर्यंत न उडता वाजली. जुनी पुली ९.४ मिमी, बेल्ट ०.५ मिमी. म्हणजे ९.९ चे १.२ पट ११.८८, वजा ०.५, ११.३८. शाफ्टवर ग्रब स्क्रू आहे. टर्नरला ११.४६ सांगतो, बरोबर?

अंबड_लेथ

बरोबर. ११.४६ फुगवटयाच्या माथ्यावर, हे त्याला ठळक लिहून द्या. ग्रब स्क्रूचं भोक बेल्टच्या वाटेत येऊ देऊ नका, खालच्या गळ्यात घ्या.